एम ८३ चा दांडा: आठ इंची दुर्बिणीच्या चार महिन्यांच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. पुणे, इमारतीची गच्ची. पहाटे ४:३० ते ५:४५

हेतू आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे बदलता येणार नाही. एम ८३ या सर्पिल दीर्घिकेच्या पोटातला दांडा, म्हणजे गाभ्यातून आरपार जाणारा ताऱ्यांचा सरळ पट्टा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि पेन्सिलीने कागदावर उतरवायचा. कॅमेरा वापरायचा नाही.

दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी, आरशांची), नाभीय अंतर १२०० मिमी, तीन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. सोबत आलेले आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, दोन, २५ मिमी आणि ९ मिमी. म्हणजे ४८ पट आणि १३३ पट.

दांडा असलेल्या दीर्घिका पुष्कळ आहेत, पण आठ इंचांत बहुतेकींचा नुसता ठिपका दिसतो. एम ८३ तुलनेने जवळची, सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षांवर, आणि आपल्याकडे बघतेही जवळजवळ समोरून. शिवाय ती दक्षिणेची. आपल्याकडे दक्षिण क्षितिजापासून ४१-४२ अंश वर चढते. मेसिए या फ्रेंच खगोलनिरीक्षकाने १७८१ मध्ये पॅरिसहून ती आपल्या यादीत घेतली (एम ८३ मधला एम त्याचाच), तेव्हा त्याला ती जेमतेम ११ अंशांवर मिळत होती. त्याच्याआधी १७५२ मध्ये लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केप ऑफ गुड होपहून ती शोधली, तीही अर्ध्या इंचाच्या दुर्बिणीतून. अर्ध्या इंचात त्याला दीर्घिका सापडली, तर आठ इंचांत मला तिचा दांडा दिसायला हरकत नसावी, असा माझा हिशेब होता.

आजचा निकाल: एक विस्कटलेला तारा दिसला, म्हणजे फक्त गाभा. भोवतालचं धुकं शहराच्या उजेडात विरघळलेलं. तिची प्रत, म्हणजे तेजाचं माप, साडेसात हे वाचून फसू नका (आकडा लहान तितकं तेज जास्त). तो सगळा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहून थोड्या कमी रुंदीच्या गोलावर पसरलेला आहे, त्यामुळे आभाळ जरा उजळ असलं की आधी तोच बुडतो. पाच वाजता वॉचमन काका वर आले. त्यांना चोर वाटला होता. त्यांना शुक्र दाखवायचा म्हटलं तर तो कधीच मावळला होता.

पुण्यातून हे जमणार नाही. माण तालुक्यात, दहिवडीजवळ मामांचं रान आहे. तिथे जायचं ठरलं.

९ फेब्रुवारी. खरेदी

१५ मिमीचा आयपीस, जुना, २,२०० रुपये. ८० पट मिळतील. संपूर्ण प्रकल्पातली एकच खरेदी मी डोकं ठिकाणावर ठेवून केली, ती ही.

प्रकाशप्रदूषण कमी करणारा फिल्टर, ५,८०० रुपये. लेझर कॉलिमेटर, म्हणजे दुर्बिणीचे आरसे जुळवायचं साधन, १,९०० रुपये. या दोघांबद्दल पुढे येईलच.

१ मार्च, शनिवार रात्र ते २ मार्च पहाट. दहिवडीजवळ

पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण मार्गे गेलो. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, पेट्रोल २,१०० रुपयांचं. आरसा मागच्या सीटवर गादीत गुंडाळला होता, पण शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसती खडी.

पोचल्यावर लेझर लावून आरसे जुळवले. ठिपका बरोबर मध्यावर आला. खुशीत चित्रा ताऱ्यावर दुर्बीण रोखली आणि तारा फोकसच्या बाहेर नेला, तर उजेडाच्या कड्या एकात एक गोल दिसण्याऐवजी एका बाजूला सरकलेल्या, भोक मध्यभागी नाहीच. पुन्हा लेझर लावला, ठिपका पुन्हा मध्यावर. पुन्हा तारा, पुन्हा वाकडा. दीड तास हेच चाललं. शेवटी लेझर फोकसरमध्येच (आयपीस बसतो त्या नळीत) हळूहळू फिरवून बघितला, तेव्हा मुख्य आरशावरचा ठिपका गोल गोल फिरायला लागला. आरसे बिचारे जवळजवळ ठीकच होते. लेझर स्वतःच्या नळीत वाकडा बसवलेला होता आणि मी प्रामाणिक आरसे त्या वाकड्याच्या हुकमाने फिरवत बसलो होतो. मग तो खिशात टाकला आणि तारा बघत बघतच स्क्रू फिरवून जमेल तेवढं सरळ केलं.

दुसरी अडचण मी धरलीच नव्हती. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. बारा वाजता वीज आली आणि पाच-सहा रानांतून माणसं मोटर चालू करायला बॅटऱ्या घेऊन निघाली. प्रत्येकाला इकडे काय चाललंय ते बघायचं, आणि बॅटरी थेट तोंडावर मारूनच विचारायचं. एकदा उजेड डोळ्यांत गेला की पुढची वीस-पंचवीस मिनिटं फुकट. यात लोकांचा दोष नाही. रान त्यांचं, रात्र त्यांची, आगंतुक मीच.

सव्वातीनला एम ८३ च्या जागी आलो. आणि दिसला की! लांबट, स्वच्छ, उजळ दांडा, तिरपा, थेट बघूनसुद्धा दिसतोय. दहा मिनिटांत चित्र काढून मोकळा. एवढं सोपं होतं? पहाटे चहा पिताना मामांना सांगितलं, "दिसला." मामा म्हणाले, "मग आता परत यायचं काम न्हाई म्हण की."

३ मार्च. पुणे

परत जायचं काम आहे.

चित्राखाली मीच लिहून ठेवलं होतं: "भोवती धुकं अजिबात नाही." दांडा दिसतो आणि दीर्घिका दिसत नाही, हे कसं? संगणकावर नकाशा उघडून चित्रातले चार तारे जुळवले. मी बघितली होती एनजीसी ५२५३, एम ८३ च्या दोन अंश दक्षिणेला असलेली लहानशी, लांबट दीर्घिका. ती एम ८३ पेक्षा पुष्कळ मंद आहे, पण आटोपशीर असल्यामुळे उठून दिसते. तिला दांडा वगैरे काही नाही, तिचा आकारच तसा.

कारण सरळ आहे. माझ्या फाइंडरमध्ये, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत, चित्र उलटं दिसतं. दमलेलो होतो, वर न्यायची दुर्बीण खाली नेली. २५ मिमीच्या आयपीसमध्ये एक अंशाच्या आसपासचंच क्षेत्र दिसतं, त्यामुळे दोघी एकदम दिसून शंका येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या वेळेसाठी वाट लिहून ठेवतो. चित्रेवरून सरळ खाली, दक्षिणेकडे, बारा अंशांवर वासुकीतला गॅमा हा तिसऱ्या प्रतीचा तारा. तिथून खाली डावीकडे नरतुरंगातला मेंकेंट. या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळजवळ मध्यावर, रेषेच्या किंचित पश्चिमेला एम ८३. दोन्ही तारे नुसत्या डोळ्यांना सहज दिसतात. आधी १०×५० च्या द्विनेत्रीतून तो धुरकट डाग पक्का करायचा आणि मगच दुर्बिणीला हात लावायचा.

१५ मार्च. पुणे, होळीनंतरचा चंद्र

चंद्र मोठा, त्यामुळे आकाश बंद. लेझर दुरुस्त केला. लाकडी फळीवर चार खिळे असे ठोकले की लेझर त्यांच्यावर पन्हाळीत ठेवल्यासारखा बसेल आणि जागेवर फिरवता येईल. सहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडून लेझर फिरवला, तर ठिपक्याने चार सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं! नळीवरच्या रबरी टोपणांखाली तीन बारीक स्क्रू असतात. ते पाव-पाव फेरा फिरवत दोन तासांत वर्तुळ अर्ध्या सेंटिमीटरवर आणलं. स्वस्तातला लेझर घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं. मला १,९०० रुपये आणि एक अख्खी अमावास्या मोजून हे कळलं.

२९ मार्च, शनिवार रात्र. पाडव्याची आदली रात्र. दहिवडीजवळ

या वेळी लाइट दिवसाची. गोठ्यावरच्या बल्बवर मामांनी खताचं रिकामं पोतं बांधून दिलं. पण फलटणच्या बाजूने पाचट जाळल्याचा धूर येत होता आणि क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंत आभाळ राखाडी होतं.

आजच्या रात्रीतून एक कामाची खूण मिळाली. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एम ८३ च्या खाली साधारण अठरा अंशांवर आहे आणि दोघं जवळजवळ एकाच वेळी मध्यावर, म्हणजे दक्षिणेला सर्वांत उंच, येतात. तो नुसत्या डोळ्यांना धुरकट ताऱ्यासारखा दिसला तर दक्षिणेची हवा चांगली. आज तो दिसला नाही. द्विनेत्रीतून दिसला, तोही मरगळलेला.

साडेबाराला एम ८३ पहिल्याच प्रयत्नात मिळाली. ४८ पटीत गोल धुकं आणि मध्ये उजळ गाभा. १ मार्चला न दिसलेलं धुकं हेच. फिल्टर लावून पाहिला तर दीर्घिका गेली. आभाळ काळं झालं हे खरं, पण त्याच्याबरोबर तीही गेली. दीर्घिकेचा उजेड म्हणजे ताऱ्यांचाच उजेड, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर ठरावीक रंग सोडून बाकीचे अडवणार, म्हणजे तिचाही मोठा वाटा अडवणारच. तेजोमेघांसाठी ही वस्तू ठीक असेल. मला उपयोग शून्य.

आरसा गाडीतून तापून आलेला. ताऱ्यांभोवती अकरापर्यंत पाण्यासारखं हलत होतं. १३३ पटीत सगळंच पातळ होऊन गेलं. ८० पटीत दीड वाजता, तिरक्या नजरेने (मंद गोष्ट थेट न बघता जरा बाजूला बघितलं की जास्त दिसते), गाभ्यातून आरपार जाणारा उजळ पट्टा "दिसला". चित्रात काढला. मग दुर्बिणीला हात न लावता दीर्घिका क्षेत्राबाहेर जाऊ दिली आणि ती जिथून बाहेर गेली तिथे वर्तुळाच्या काठावर "प" लिहिलं. पृथ्वी फिरते, त्यामुळे दीर्घिका नेहमी पश्चिमेकडूनच बाहेर जाते. माझ्यासारख्या न्यूटोनियन, म्हणजे आरशांच्या, दुर्बिणीत प्रतिमा कोणत्याही कोनात फिरलेली असते, म्हणून ही एवढी खूण करून ठेवावीच. १५ मिमीच्या आयपीसमध्ये मध्यापासून काठापर्यंत जायला दीड मिनिट लागतं.

पाडव्याला दुपारी बारापर्यंत झोपलो. मामींनी गुढीला नमस्कार करायला दोनदा उठवलं म्हणे. पुरणपोळी खाऊन निघालो.

३१ मार्च. पुणे

हे लिहायला जड जातंय.

घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो, तसं सोपं पडतं. छापील छायाचित्रांत उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असते, म्हणजे पश्चिम तीनवर. एम ८३ चा दांडा ईशान्य-नैऋत्य आहे, म्हणजे छायाचित्रात तो साडेदहापासून साडेचारकडे जातो. माझ्या चित्रातही तो साडेदहापासून साडेचारकडेच जातो. अगदी तंतोतंत. मग वाईट कसलं? तर माझ्या चित्रात "प" तीनवर नाही, साडेसातवर आहे. म्हणजे आयपीसमधलं सगळं आभाळ घड्याळाच्या साडेचार आकड्यांनी फिरलेलं होतं. दांडा खरोखर दिसला असता तर तो तीन आणि नऊच्या रेषेत, आडवा दिसायला हवा होता.

मी दांडा बघितलाच नव्हता. छायाचित्र बघितलं होतं. गेले दोन महिने ते माझ्या फोनच्या पडद्यावर आहे! धुरकट गोळ्यात डोळ्याला काही सापडेना, तेव्हा डोक्याने आठवणीतला दांडा काढून दिला आणि हाताने तो कागदावर उतरवला. "प" लिहायचा कंटाळा केला असता तर हे चित्र मी आयुष्यभर लोकांना दाखवत फिरलो असतो.

चित्र फाडलेलं नाही. त्यावर लाल पेनाने "खोटं" लिहून वहीत ठेवलंय.

१२ एप्रिल. पुणे. तयारी

फोनवरचं छायाचित्र काढलं, आता तिथे दगडूशेठ आहे. आठवण मात्र पुसता येत नाही, त्यामुळे माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर आता भरवसा नाही. लेक बारा वर्षांची आहे, चित्रं बरी काढते आणि एम ८३ चं छायाचित्र तिने एकदाही बघितलेलं नाही. परीक्षा संपली की तिला नेतो. तिला एवढंच सांगितलंय की एक धुरकट गोळा आहे, त्यात जे दिसेल ते काढ. दांडा हा शब्द घरात बंद. बायकोलाही ताकीद दिली. ती म्हणाली, असं गुपित पाळायला लावायचं तर निदान गुपित तरी बऱ्यापैकी आणायचं.

स्वतःसाठी दोन नियम. "प" चित्र पूर्ण झाल्यावरच शोधायचा, आधी दिशा कळली की हात आपोआप त्या बाजूला वळतो. आणि जे वेगवेगळ्या तीन वेळा दिसेल तेवढंच काढायचं. एकदा दिसलेलं समासात शब्दांनी लिहायचं.

बाकी किरकोळ. आरशामागे संगणकाचा जुना १२ व्होल्टचा पंखा बसवला, १८० रुपये, जुन्या यूपीएसच्या बॅटरीवर चालतो. तो रबरबँडांवर लटकवलाय, थेट स्क्रूने बसवला तर थरथर आरशात उतरते. हे आधी स्क्रूने बसवून कळलं. चित्र काढायच्या बॅटरीला लाल नेलपॉलिशचे दोन हात दिले, तरी उजेड जास्तच. चार हात दिले आणि वर टिश्यू पेपर चिकटवला तेव्हा कागद कसाबसा दिसेल इतपत झाला. तेवढाच हवा. फिल्टर विकायला काढला.

२६ एप्रिल, शनिवार रात्र. दहिवडीजवळ

दुपारी तापमान चाळीसच्या घरात. गाडीत आरसा भाजू नये म्हणून ओल्या चादरीत डबा गुंडाळून आणला. पाचला पोचल्यावर दुर्बीण लिंबाच्या सावलीत उभी केली, सातला पंखा चालू. दहापर्यंत प्रतिमा शांत झाली होती. मार्चमध्ये पंख्याशिवाय याला तासभर जास्त लागला होता, आणि तेव्हा उकाडाही एवढा नव्हता. दुरुस्त लेझरने आरसे पाच मिनिटांत जुळले आणि चित्रेवर तपासले तेव्हा कड्या गोल.

संध्याकाळी पश्चिमेला ढग जमले होते, वळिवाचं लक्षण. मामा म्हणाले, "यील का न्हाई सांगता येत न्हाई. आला तर ताडपत्री हाय." आला नाही. पावणेअकराला ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांना दिसला. लेकीने तो माझ्याआधी दाखवला.

एम ८३ या वेळी बारा वाजायच्या आत मध्यावर येते, त्यामुळे पहाटेपर्यंत जागायची गरज नाही. आयपीस त्या उंचीला कमरेच्या आसपास येतो. मार्चमध्ये मी वाकून बघत होतो. आज टोमॅटोचं रिकामं कॅरेट उलटं ठेवून त्यावर बसलो. बसून आणि वाकून बघण्यात केवढा फरक पडतो, हे दुर्बिणीच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. मान दुखत नाही, श्वास संथ राहतो, डोकं एकाच कोनात राहतं. डोक्यावरून मामींची काळी घोंगडी ओढून घेतली. उकडून जीव गेला, पण गावातल्या हायमास्टचा आडवा उजेड बंद झाला.

११:१० ते १२:५०, मी आणि लेक आळीपाळीने. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत तिचं मत: "बाबा, हा तर धूर आहे. यासाठी तू तीनदा आलास?" पंधरा मिनिटांनी तिचं बोलणं बंद झालं आणि पेन्सिलीचा आवाज सुरू झाला.

माझं म्हणाल तर पहिला अर्धा तास गोल धुकं आणि गाभा, मार्चसारखंच. फरक एवढाच की धुकं जास्त पसरट होतं आणि काठ कुठे संपतो ते सांगता येत नव्हतं. ४८ पटीत गाभा ताऱ्यासारखा टोकदार. ८० पटीत त्या टोकाभोवती छोटा गोल उजेड. पावणेबाराच्या सुमाराला नळीला बोटाने हलकी टिचकी मारली (हलणारी मंद गोष्ट डोळ्याला लवकर कळते), प्रतिमा थरथरली आणि त्या थरथरीत गाभा गोल नाही, लांबट आहे असं क्षणभर वाटलं. थांबलो. एक. नजर क्षेत्राच्या काठाकडे नेऊन पुन्हा टिचकी, पुन्हा लांबट. दोन. मग दहा मिनिटं काहीच नाही. डोळे मिटून बसलो, दहा दीर्घ श्वास घेतले आणि पुन्हा लावला डोळा. टिचकीशिवाय, गाभ्याच्या दोन्ही बाजूंना धुक्यापेक्षा किंचित उजळ अशी दोन टोकं, दोन-तीन सेकंद. तीन. काढला. दांडा म्हणण्यापेक्षा एखाद्या कणकेच्या गोळ्याला दोन्हीकडून चिमटीने ओढल्यासारखं.

एका टोकापासून दीर्घिकेची सर्पिल भुजा वळतेय असं एकदाच वाटलं. नियमाप्रमाणे समासात.

मध्येच एक गोंधळ. गाभ्यापासून थोड्या अंतरावर बारीक तारा दिसला, जो मार्चच्या चित्रात नव्हता. छातीत धडधड. या दीर्घिकेत विसाव्या शतकात सहा अतिनवतारे (स्फोट होऊन एकदम उजळलेले तारे) सापडले आहेत, आणि त्यातला १९६८ चा जॅक बेनेट या दक्षिण आफ्रिकेतल्या हौशी निरीक्षकाने धूमकेतू शोधता शोधता पाच इंची दुर्बिणीतून, डोळ्याने पकडला होता. मी मनातल्या मनात शोध कळवायची तार लिहायला घेतली. फोनचा पडदा पूर्ण मंद करून नकाशा बघितला, तर आपल्याच आकाशगंगेतला साधा तारा, दीर्घिकेच्या वाटेत उभा. मार्चच्या धुराने तो लपवला होता. या प्रकरणात डोळ्यांची वीस मिनिटं गेली.

१२:५० ला दोघांचे कागद पूर्ण. मग दीर्घिका बाहेर जाऊ दिली. "प" सहावर, थेट खाली.

२८ एप्रिल. पुणे

पश्चिम सहावर, म्हणजे आभाळ तीन आकड्यांनी फिरलेलं. हिशेबाने दांडा एक-दीडपासून सात-साडेसातकडे जायला हवा. माझ्या चित्रात दीड ते साडेसात. लेकीच्या चित्रात एक ते सात, माझ्यापेक्षा लांब, आणि तिने त्याला शीर्षक दिलंय "धुरातली काकडी".

तिच्या चित्रात वरच्या टोकाला एक बाकदार छटा आहे. मी विचारलं, हे किती वेळा दिसलं? "मोजलं नाही. सारखंच दिसत होतं." बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या बाहुल्या अंधारात माझ्यापेक्षा जास्त उघडतात, पण ८० पटीत दुर्बिणीतून बाहेर पडणारा झोत अडीच मिलिमीटरचा, माझ्याही बाहुलीत सहज मावणारा, तेव्हा ते कारण इथे लागू नाही. मग तिला भुजा कशी दिसली आणि मला का नाही? उत्तर नाही माझ्याकडे. दोन्ही चित्रं वहीत समोरासमोर चिकटवली. छायाचित्र आता तिला दाखवलं. ती म्हणाली, "एवढं रंगीत थोडीच असतं."

एक गोष्ट आधीच वाचली असती तर मार्चमध्ये स्वतःवर एवढा चिडलो नसतो. वर्गीकरणात एम ८३ ला एसएबी धरतात, म्हणजे दांडा असलेल्या आणि नसलेल्या दीर्घिकांच्या मधल्या पायरीवर. तिचा दांडा ठसठशीत नाहीच.

हिशेब: आयपीस २,२००, फिल्टर ५,८००, लेझर १,९००, पंखा १८०, नेलपॉलिश ६०, तीन खेपांचं पेट्रोल ६,३००. एकूण १६,४४०. फिल्टर काल ३,५०० ला गेला, म्हणजे १२,९४०. निव्वळ वाया गेलेले फिल्टरवरचे २,३०० आणि चुकीच्या दीर्घिकेसाठी केलेली मार्चची पहिली खेप. आज पुन्हा सुरुवात केली तर आयपीस, पंखा आणि कॅरेट एवढ्यावर भागवीन. कॅरेट तर मामांचंच आहे.

२७ मे. पुणे

२४ तारखेची खेप रद्द झाली. भुजेसाठी जायचं होतं. एम ८३ रात्री दहालाच मध्यावर, अमावास्या जवळ, सगळं जुळून आलं होतं. पण मे महिन्याच्या मध्यापासूनच पाऊस लागला तो हटेचना. २४ ला मान्सून केरळात आणि २६ ला मुंबई-पुण्यात. माझ्या आठवणीत मेमध्ये छत्री घेऊन ऑफिसला गेल्याचं हे पहिलंच वर्ष.

दुर्बीण आवरली. आरसा काढून पुसला नाही, नुसती धूळ फुंकणीने उडवली. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या, दर रविवारी तव्यावर गरम करून पुन्हा ठेवायच्या. गेल्या पावसाळ्यात आळस केला तर २५ मिमीच्या आयपीसवर बुरशीचा तंतू आला होता, तो अजून तिथेच आहे. एम ८३ आता फेब्रुवारीत पहाटे.

आज मामांचा फोन आला. माणमध्ये मेमध्ये ओढा वाहिलेला त्यांनी कधी बघितला नव्हता. डाळिंबाच्या बागेत गुडघाभर पाणी, पण झाडं शाबूत. बोलणं संपता संपता म्हणाले, "आनि तुजं ते बसायचं कॅरेट हुतं का, ते गेलं वाहून. दुसरं ठिवतो."

लेक शेजारीच होती. तिने फोन घेऊन सांगितलं, दोन ठेवा.